आभाळाला ठाऊक असलेला पत्ता

सकाळचा मिलचा भोंगा व्हायच्या आत अंबादासअण्णांच्या ओट्यावर एक-दोन माणसं पालथी पडलेली असायची. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्याला वाटे, रात्री इथं मारामारी झाली की काय. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. मी घाबरून बायकोला हाक मारली, तर शेजारच्या दारातून कडुनिंबाची काडी चावत एक उंच, हाडकुळा माणूस बाहेर आला. खाली वाकून त्यानं पालथ्या पडलेल्याच्या खांद्याला हात लावला, तो हात स्वतःच्या कपाळाला लावला, "पाय लावतो, राग मानू नगा," असं म्हणाला आणि डाव्या पायाचा तळवा त्या माणसाच्या कमरेवर टेकवून हलकासा झटका दिला. तो माणूस कण्हत उठला, ओट्यावर इकडून तिकडे चालला आणि पाया पडून निघून गेला. काडीवाला तोंड धुवायला आत गेला.

अण्णा पायाळू होते. म्हणजे जन्मताना त्यांचं डोकं आधी न येता पाय आधी आले होते. अशा माणसाचा पाय लागला की कमरेत भरलेली उसण उतरते, हे आमच्याकडे शाळा शिकलेलेसुद्धा मानतात. आणि अशा माणसावर वीज पडते, हेही मानतात. गंमत अशी, की लोकांना यातली पहिली गोष्ट सकाळी आठवायची आणि दुसरी वैशाखात दुपारनंतर. पाय हवा असेल तेव्हा बार्शीपासून माणसं यायची. पश्चिमेला ढग चढला की तीच माणसं अण्णांपासून चार हात लांब सरकायची, तेही हसत, इकडच्या तिकडच्या गप्पा मारत. मला या प्रकाराचा मनस्वी संताप यायचा. अण्णांना येत नसे.

मी त्यांच्याच मिलमध्ये टाइमकीपर होतो आणि ते सुताला खळ देणाऱ्या सायझिंग खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. "काय टायमकीपर, आज किती वाजवले?" हे रोजचं. आमचं घर शाकाहारी, सोवळंओवळं पाळणारं, आणि अण्णांना वेड माशाचं. दर सुट्टीला दोन सायकली काढून आम्ही तुळजापूर रस्त्यानं हिप्परग्याच्या तलावावर जायचो. ते गळ टाकून बसत, मी नुसता बसत असे. परत आल्यावर बायको मला मोरीत उभं करून डोक्यावरून पाणी ओतल्याशिवाय घरात घेत नसे. "मासा खात नाही, पकडत नाही, मग तिथं करता काय?" असं ती विचारायची. अण्णांच्या शेजारी बसलं, की बरं वाटे. पाण्यावर ज्वारीच्या चिपाडाचा तुकडा तरंगत असे, त्याकडे ते बघत, मी त्यांच्याकडे बघे. दुपारी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खायची आणि पुन्हा बसायचं.

पहिल्याच उन्हाळ्यात त्यांचं ते दुसरं रूप मी पाहिलं. दिवसभर सोलापूरचं ऊन, झाडाचं पान हलत नव्हतं. मध्येच अण्णांनी चपला काढल्या, उघडा तळवा जमिनीवर टेकवला आणि तसेच थांबले. "मुंग्या आल्या," असं ते म्हणाले. मी जमिनीवर मुंग्या शोधू लागलो. आभाळ लख्ख होतं. अण्णांनी गळ गुंडाळला, काठी काखेत मारली आणि काठाकाठानं लांब उजाड माळाकडे चालू लागले. मी हाका मारल्या. त्यांनी मागं न बघता हात केला, "तितंच ऱ्हावा."

थोड्या वेळात वारा फिरला. धुळीचा पडदा उठला, तलावाचं पाणी काळं पडलं आणि वळीव तुटून पडला. मी आणि आजूबाजूचे गळवाले भरावाजवळच्या दगडी खोलीत पळालो. ती तलावावरच्या चौकीदाराची जुनी खोली होती, दाराला फळी नव्हती. विजेच्या प्रत्येक उजेडात लांब माळावर अण्णा दिसत. उकिडवे बसलेले, डोकं गुडघ्यात घातलेले. अंधार झाला की दिसेनासे होत आणि पुन्हा वीज चमकली की मला आधी भीती वाटे, की आता तिथं कुणी नसेल.

पाऊस थांबल्यावर ते निथळत परत आले आणि म्हणाले, "गळ जागंवर टाकू का आता? पावसामागनं मरळ चांगली लागती."

मी चिडलो. म्हटलं, "हा काय वेडेपणा? खोलीत जागा होती की."

"जागा असती हो. पन कुनी 'भाईर जावा' म्हनायच्या आत आपन उठावं. माणसावर तसं म्हनायची पाळी आनू नये. म्हनल्यावर त्याला घरी जाऊन झोप येत न्हाय."

"आणि खरंच वीज पडली तर?"

त्यांनी गळाला गांडूळ लावलं आणि शांतपणे म्हणाले, "आबाळाला माजा पत्ता ठाऊक हाय, टायमकीपर. मी कुटंबी बसलो तरी त्याला गावायचाच. मग दुसऱ्याच्या घरात बसून त्याला कशाला बलवायचं?"

हे वाक्य ते नेहमी म्हणत, आणि हसत म्हणत. मिलच्या फाटकावरच्या पत्र्याखाली पावसात सगळे गर्दी करून उभे असत आणि अण्णा बाहेर भिजत बिडी पेटवायचा प्रयत्न करत, तेव्हाही हेच. वैशाखातल्या लग्नांची आमंत्रणं त्यांना येत, पण बहुतेक वेळा ताट घरी पोचवलं जाई. "बरं झालं, पंगतीत पाय दुखतात," असं म्हणून ते जिलबी खात. त्यांची बायको, गोदाकाकू, मात्र ताटाला हात लावत नसे.

अण्णांना एकच मुलगी, शकू. ती टेंभुर्णीला दिली होती, जावई ट्रकवर होता. शकूचं बाळंतपण सोलापूरलाच झालं, तेही भर पावसात, सुईण येऊन पोचायच्या आत, गोदाकाकूंच्या हातानं. मुलगी झाली. तिला सगळे चिमी म्हणत. बारशाला मी अण्णांना म्हटलं, "आता नातीला कडेवर घेऊन मिरवा." ते हसले, पण ते हसणं नेहमीचं नव्हतं. पुढे गोदाकाकू गेल्या. चिमी दर उन्हाळ्यात आजोबांकडे येऊन राहू लागली आणि मी एक गोष्ट बघत गेलो. अण्णा त्या पोरीला कुणाच्या अंगावर चढू देत नसत. इतर पोरं बापाच्या, काकाच्या पाठीवर नाचतात, पाय चेपून देतात. चिमी कुणाच्या पाठीकडे वळली की अण्णा तिला उचलून घेत. मला वाटे, म्हातारपणी माणूस हेकट होतो, तसं असेल.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. तलाव पुन्हा भरला होता. त्या वैशाखात चिमीनं हट्ट धरला, मासे बघायला येणार. ती तेव्हा पाचेक वर्षांची असेल. अण्णा नको म्हणत होते. मीच शहाणपणा केला, "आभाळ स्वच्छ आहे, येऊ द्या की पोरीला." अण्णांनी बराच वेळ आभाळाकडे बघितलं आणि मग तिला सायकलच्या दांडीवर बसवलं.

दुपार कलल्यावर चिमी पाण्याशी खेळता खेळता थांबली. एक पाय उचलून तिनं तळवा खाजवला, मग दुसरा. म्हणाली, "आजोबा, पायाला मुंग्या आल्या."

अण्णांनी अजून चपला काढल्या नव्हत्या. त्यांनी एकदम तिच्या तोंडावर हात ठेवला आणि आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. मग गळ तिथंच टाकला, तिला उचललं आणि दगडी खोलीकडे पळत सुटले. माळाकडे नाही, खोलीकडे. मी त्यांना पावसाच्या भीतीनं पळताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हातात कशी कोण जाणे, गळाची एक लांब वेळूची काठी राहून गेली होती.

आमच्या मागोमाग सात-आठ माणसं खोलीत आली. गळवाले होते, धुणं घेऊन आलेल्या दोन बायका होत्या. अण्णा आतल्या कोपऱ्यात चिमीला मांडीवर घेऊन बसले. बाहेर उजेड पिवळा झाला, मग हिरवट. वारा थांबला. पाऊस नव्हता, आवाज नव्हता, तलावावर एक पाखरू नव्हतं. धुणेवाल्या बाईच्या कपाळावरची बट आपोआप वर उठली होती आणि तिला ते कळलंही नव्हतं. माझ्या हातावरचा केस न केस उभा राहिला. मग कानठळ्या बसल्या आणि खोलीसमोरची बाभूळ वरपासून खालपर्यंत उकलली. तिच्यातून धूर येत होता आणि त्यावर आता पाऊस कोसळत होता.

सगळे हळूहळू अण्णांकडे बघू लागले.

एक गळवाला पुढे आला. चांगला माणूस, बाळे गावचा. त्यानं दोन्ही हात जोडले. "अण्णा, गेल्या महिन्यात माजी उसन तुमीच काडली. तुमचे उपकार हायत. पन लेकरंबाळं हायत हो आमाला. तुमी जरा भाईर..." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"व्हय, व्हय. चुकलंच माजं. सांगायची पाळी आनली तुमच्यावर," असं म्हणून अण्णा उठले. चिमी त्यांच्या गळ्याला घट्ट धरून होती. तिचे हात सोडवत ते दाराशी माझ्याजवळ आले आणि तिला माझ्या कडेवर दिलं. मग माझ्या कानाशी लागून जे बोलले, ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

"टायमकीपर, हीबी पायाळू हाय. तिच्या आजीला ठाऊक हुतं आन् मला. शकूला त्या वक्ताला सुद न्हवती, तिलाबी ठाऊक न्हाय. ही पोरीची जात हाय हो. मला ताट घरी आलं, हिला सासर मिळायचं न्हाय. हिला भाईर न्यावं तर सगळ्यांना कळंल. हितं ठेवावी तर..." त्यांनी खोलीतल्या माणसांकडे बघितलं. मग दारातून वर बघितलं. "आबाळाला आज एकच पत्ता दिसंल, असं करतो."

मी भोळसट माणूस नाही. वीज उंच वस्तूवर पडते, हे मी शाळेत शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. तरी त्या क्षणी कडेवरची ती एवढीशी पोर मला जड लागली, आणि पाठीमागच्या माणसांना ते कळेल असं वाटून मी तिला आणखी घट्ट धरलं. अण्णांचा हात धरायला मला हात मोकळा नव्हता. "बसा हं, नेहमीसारखे खाली बसा," एवढंच मी म्हणालो.

दाराशी चपला काढून, ती गळाची काठी उचलून ते पावसात गेले. मी वाट बघत होतो की ते माळावर जाऊन उकिडवे बसतील. ते माळाकडे गेलेच नाहीत. तलावाच्या भरावावर चढले, जिथं त्याहून उंच काही नव्हतं, आणि तिथं उभे राहिले. ताठ. मग त्यांनी ती वेळूची काठी दोन्ही हातांनी डोक्यावर उभी धरली. पावसाच्या आवाजात त्यांचा आवाज तुटक तुटक येत होता. ते वर तोंड करून कुणाला तरी हाक मारत होते, आपल्या दारावरून पुढे निघालेल्या पाहुण्याला मारावी तशी. "हितं. अवो, हितं हाय मी. हितं."

"आजोबा कुणाला बोलावतात?" चिमीनं विचारलं. आणि लगेच म्हणाली, "काका, पायाला लई मुंग्या आल्या."

मी तिचे दोन्ही पाय माझ्या शर्टाच्या आत घेतले, पोटाशी. ते बर्फासारखे गार होते. तिचं तोंड खांद्यावर दाबलं आणि डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतूनसुद्धा तो उजेड दिसला.

त्यानंतर आसपास एकही वीज पडली नाही. गडगडाट अक्कलकोटच्या अंगाला निघून गेला. पाऊस असा थांबला, की जणू कुणी नळ बंद केला. अण्णा भरावावर उताणे पडले होते. अंगावर कुठं काही खूण नव्हती, चेहरा शांत होता, फक्त डाव्या तळव्यावर एक काळा डाग होता, रुपयाएवढा. आम्ही सगळे भोवती उभे होतो. बाळेचा तो माणूस स्वतःच्या तोंडात मारून घेत होता. गर्दीतून वाट काढत चिमी आली. तिच्या हातात चपला होत्या. "आजोबा, चपला विसरला की तुमी," असं म्हणून तिनं त्या त्यांच्या पायांशी नीट लावून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दार उघडलं, तर अण्णांच्या ओट्यावर एक माणूस पालथा पडलेला. कुठल्या तरी लांबच्या खेड्यातला, रात्रीच्या गाडीनं आलेला. त्याला काही ठाऊक नव्हतं. मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो, तर माझ्या पावलांचा आवाज ऐकून तो डोळे मिटूनच म्हणाला, "द्या आण्णा, लई दुकतंय." काय सांगायचं अशा माणसाला. मी त्याच्याशेजारी ओट्यावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. तोही बिचारा पालथा पडल्या पडल्या माझ्याकडे मान वळवून बघत राहिला.

गल्ली म्हणाली, पायाळू होता, कधीतरी व्हायचंच होतं.

पुढे जावयानं सोलापुरातच ट्रान्सपोर्टमध्ये काम धरलं आणि शकू बापाच्या घरात राहायला आली. चिमी शाळेत जाऊ लागली. शकूची नजर असे तिच्यावर, पण आजोबांसारखी नसे. तिला राखायचं काय, हेच ठाऊक नव्हतं. ते काम माझ्याकडे आलं होतं.

दोन-तीन वर्षांनी, पुन्हा वैशाखातच, पाण्याचं पिंप सरकवताना माझ्या कमरेत उसण भरली. अशी, की श्वास घेता येईना. पुढच्या खोलीत चटईवर पालथा पडून राहिलो. जो येई तो म्हणे, "आज अण्णा असते तर." दुपारी चिमी आमच्या घरात गोट्या खेळत होती. एक गोटी घरंगळत माझ्या पलीकडे गेली. मला वळसा घालायचा सोडून ती पोर सरळ माझ्या पाठीवर डावा पाय देऊन पलीकडे गेली.

कमरेत कट्कन वाजलं आणि दुखणं गेलं. कमी झालं असं नाही, गेलं. कुणी हात घालून काढून घ्यावं तसं. मी उठायला हात टेकलेसुद्धा. तेवढ्यात बघितलं, तर दारात बायको उभी आणि तिच्या मागे शकू. दोघींनी पाय पडताना बघितलं होतं. मी धाडकन पुन्हा आडवा झालो आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, "अगं आई गं, मारलं या पोरीनं मला. पाठीचं पार वाटोळं केलं."

असा ओरडलो, की चिमी रडायला लागली आणि शकूनं तिच्या पाठीत धपाटा घातला. पुढे चार दिवस मी चांगल्या कमरेनं अंथरुणात कण्हत होतो. बायकोनं तेल लावून शेकून काढलं. सात रस्त्याच्या डॉक्टरांनी एक इंजेक्शनही दिलं, तेही मी घेतलं. तुमच्या नवऱ्याला वेदना सोसवत नाहीत, असं ते हिला म्हणाले. म्हणोत बापडे.

पण त्या दुपारचं अजून सांगायचं आहे. बायका आत गेल्या आणि चिमी मुसमुसत माझ्या उशाशी बसली. बाहेर रणरणतं ऊन होतं. जरा वेळानं तिचं रडणं एकदम थांबलं. तळवा खाजवत ती हळूच म्हणाली, "काका, मुंग्या आल्या."

मी दाराबाहेर बघितलं. आभाळात चिंधीएवढा ढग नव्हता. आणि तरी गल्लीतला वारा पडला होता, कावळे गप्प झाले होते. मग कुठूनसा धुळीचा लोट आला, खिडक्या आपटल्या. गल्लीतली माणसं आडोशाला आमच्या पडवीत घुसू लागली, आणि उजेड पिवळा झाला. मी तो रंग ओळखला.

चिमी उठून उभी राहिली. कुणी तिला काही म्हटलं नव्हतं, कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. दाराशी पडलेल्या आपल्या चपला तिनं पायात न घालता लावून ठेवल्या, ओळीत, नीट. आणि पडवीतल्या माणसांमधून वाट काढत बाहेर चालू लागली.

मी धावलो. उसण भरलेला माणूस धावताना कुणी बघितला असेल तर बघितला असेल. अंगणात पोचायच्या आत मी तिचा हात धरला. "कुठं निघालीस गं?"

"काय की. जावंसं वाटलं," असं म्हणून ती वर आभाळाकडे बघत होती.

मी तिला आत आणलं. माणसांच्या बरोबर मधोमध बसलो, तिला मांडीवर घेतलं आणि तिचे दोन्ही पाय शर्टाच्या आत पोटाशी धरले. तेच गार पाय. पहिली वीज कडाडली तशी माणसं एकमेकांना चिकटली, काही आम्हालाही चिकटली. कुणीतरी विचारलं, "टाइमकीपर, तुमच्या कमरेचं कसं आहे?"

"फार दुखतंय हो," मी म्हणालो, आणि पाऊस थांबेपर्यंत मोठमोठ्यानं कण्हत राहिलो.